विश्लेषण : हवा तो ट्रान्झिस्टर मिळत नाही, मग त्याच्या जागी कोणता चालेल?

डोंबिवली पूर्वेतील आमच्या इमारतीच्या गच्चीवर पाण्याची टाकी भरली की एक भोंगा वाजतो. तो ऐकला की वॉचमन पंप बंद करतो. हा अलार्म कुठल्या कंपनीचा नाही. वागळे इस्टेटमधील एका कारखान्यातून निवृत्त झालेल्या शेजारच्या काकांनी तो वीसेक वर्षांपूर्वी स्वतः जोडून दिला होता. पाणीकपात सुरू असलेल्या आठवड्यातच तो मुका झाला. टाकी भरून वाहू लागली आणि वरच्या मजल्यावरच्या घरात छतातून पाणी उतरले, तेव्हा सगळ्यांना कळले. डबा उघडल्यावर दोषी सापडला, एसएल१०० नावाचा धातूच्या टोपीचा एक जुना ट्रान्झिस्टर. जवळच्या दुकानात तो नव्हता. दुकानदाराने त्याच्या जागी बीसी५४७ दिला, ‘चालतो’ म्हणून सांगितले. तो एक दिवस चालला आणि जळाला. दुसऱ्या दुकानातून आणलेला २२२२ जळाला नाही, पण भोंगाही वाजला नाही.

ठाणे ते कल्याण-डोंबिवली या पट्ट्यात असे प्रसंग रोजचे आहेत. कुणाचा इन्व्हर्टर बंद पडतो, कुणाचा मंडळाचा अ‍ॅम्प्लिफायर, कुणाचा अभियांत्रिकीचा मिनी प्रोजेक्ट सबमिशनच्या आदल्या रात्री. हवा तोच नग मिळत नाही आणि प्रत्येक वेळी दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोड गाठणे शक्य नसते. अशा वेळी ‘याचा इक्विव्हॅलंट द्या’ असे म्हणून जे हातात पडते ते लावले जाते. काही रुपयांच्या या भागाची निवड चुकली तर कधी उपकरण पुन्हा बंद पडते, कधी शेजारचे भाग घेऊन जाते आणि घरच्या विजेवर थेट चालणारे उपकरण असेल तर आगही लागू शकते. योग्य पर्याय कसा शोधायचा, याचा हा उलगडा.

ट्रान्झिस्टर नेमके काय करतो?

अमेरिकेतील बेल लॅब्जमध्ये डिसेंबर १९४७ मध्ये जॉन बार्डीन आणि वॉल्टर ब्रॅटन यांनी पहिला ट्रान्झिस्टर चालवून दाखवला. विल्यम शॉकली यांच्यासह तिघांना १९५६ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. त्यानंतर हजारो प्रकार आले, पण साध्या सर्किटमधील त्याची कामे दोनच आहेत. तो नळासारखा उघडझाप करतो, म्हणजे स्विच होतो. नाहीतर तो लहान संदेश मोठा करतो, म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर होतो.

त्याला तीन पाय असतात. बेस, कलेक्टर आणि एमिटर. बेसला दिलेला थोडासा करंट कलेक्टर ते एमिटर वाहणारा मोठा करंट ताब्यात ठेवतो. किती पटीने, त्याला गेन म्हणतात. मॉसफेट या वेगळ्या जातीत पायांची नावे गेट, ड्रेन आणि सोर्स अशी असतात आणि तेथे करंटऐवजी गेटवरचे व्होल्टेज काम करते.

पर्याय शोधताना पहिला प्रश्न ‘याचा नंबर काय’ हा नसतो. ‘या सर्किटमध्ये हा काय काम करतोय’ हा असतो. एकच बीसी५४७ एका ठिकाणी एलईडी पेटवत असेल, तर दुसऱ्या ठिकाणी माइकचा क्षीण आवाज वाढवत असेल. पहिल्या जागी त्याच जातीचे डझनभर नंबर चालतात. दुसऱ्या जागी निवड बरीच आक्रसते.

नंबरावरून काय कळते?

बरेच काही. युरोपीय पद्धतीत पहिले अक्षर पदार्थाचे असते. ए म्हणजे जर्मेनियम, बी म्हणजे सिलिकॉन. दुसरे अक्षर कामाचे. सी म्हणजे कमी शक्तीचा ऑडिओ, डी म्हणजे जास्त शक्तीचा ऑडिओ, एफ म्हणजे रेडिओ लहरींसाठीचा, यू म्हणजे जास्त शक्तीचे स्विचिंग. त्यामुळे बीसी५४७ पाहताच तो सिलिकॉनचा, छोट्या कामाचा हे समजते. बीयू५०८ हा जुन्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीतला, उच्च व्होल्टेज झेलणारा गडी आहे हेही समजते. १९६६ मध्ये ब्रसेल्स येथे स्थापन झालेली प्रो इलेक्ट्रॉन ही संस्था ही नावे देत आली.

अमेरिकी पद्धतीत नंबर २एन ने सुरू होतो. पुढचे आकडे फक्त नोंदणीचा क्रम सांगतात, त्यावरून काम कळत नाही. जपानी पद्धतीत २एसए आणि २एसबी हे पीएनपी, तर २एससी आणि २एसडी हे एनपीएन. या नगांवर सुरुवातीचे २एस छापत नाहीत. त्यामुळे ‘सी९४५’ असे दिसले तर तो २एससी९४५ समजायचा. दुकानात हे ठाऊक नसले की शोध तेथेच अडतो.

एसएल१०० आणि त्याचा जोडीदार एसके१०० हे मात्र आपल्याकडचे नंबर. देशभरातील कॉलेजांच्या प्रयोगशाळांत आणि छंद म्हणून सर्किट जोडणाऱ्यांच्या डब्यात ते वर्षानुवर्षे होते. बंगळूरुच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६२ मध्ये जर्मेनियमचे भाग बनवायला सुरुवात केली, तेव्हापासूनची ही देशी परंपरा. परदेशी यादीत हे नंबर अनेकदा सापडतच नाहीत. म्हणून मग कामावरून पर्याय शोधावा लागतो.

पर्याय निवडताना काय काय पाहायचे?

क्रम महत्त्वाचा आहे. पहिली पायरी चुकली तर पुढच्या सगळ्या फुकट.

एक, जात. एनपीएनच्या जागी एनपीएन, पीएनपीच्या जागी पीएनपी, मॉसफेटच्या जागी त्याच चॅनेलचा मॉसफेट. येथे तडजोड नाही.

दोन, व्होल्टेज. बंद अवस्थेत ट्रान्झिस्टर किती व्होल्ट झेलू शकतो. पर्यायाचा आकडा मूळच्या बरोबरीचा किंवा जास्त हवा. बीसी५४६ ची मर्यादा ६५ व्होल्ट, बीसी५४७ ची ४५, बीसी५४८ ची ३०. म्हणून ५४८ च्या जागी ५४७ बिनधास्त लावता येतो. उलटे करायचे तर आधी सर्किटचा पुरवठा पाहावा. नऊ किंवा बारा व्होल्टचे काम असेल तर तेही चालते.

तीन, करंट आणि उष्णता. बीसी५४७ कमाल १०० मिलिअँपिअर वाहून नेतो. बीसी३३७ दिसायला अगदी तसाच, पायांचा क्रमही तोच, पण तो ५०० मिलिअँपिअर किंवा त्याहून जास्त नेतो. डेटाशीटवरचा कमाल आकडा हा टोकाचा असतो. रोजच्या कामात त्याच्या निम्म्यावर राहिले तर नग टिकतो.

चार, गेन. बीसी५४७ च्या मागे ए, बी किंवा सी असे अक्षर असते. ए मध्ये गेन साधारण ११० ते २२०, बी मध्ये २०० ते ४५०, सी मध्ये ४२० ते ८००. स्विचसाठी हा फरक सहसा निभावतो. माइकच्या प्री-अ‍ॅम्पमध्ये किंवा पाण्याचा थेंब ओळखणाऱ्या सेन्सरमध्ये सी च्या जागी ए लावला तर सर्किट ‘बहिरे’ होते.

पाच, वेग. आवाजाच्या आणि रिलेच्या कामात याचा विचार करावा लागत नाही. रेडिओत आणि चार्जरच्या स्विचिंगमध्ये करावाच लागतो.

सहा, पायांचा क्रम आणि आकार. ही पायरी शेवटची असली तरी सर्वाधिक चुका येथेच होतात.

हे सगळे आकडे प्रत्येक नंबरच्या डेटाशीटमध्ये असतात आणि ती मोफत मिळते. पूर्वी दुकानाच्या गल्ल्याशेजारी जाडजूड डेटाबुक असे. आज तेच काम मोबाइल करतो, फक्त ते उघडून पाहण्याची सवय हवी.

पायांचा क्रम घात कसा करतो?

काळ्या प्लॅस्टिकच्या अर्धगोल ट्रान्झिस्टरची सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरा. बीसी५४७ मध्ये डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर असा क्रम येतो. २एन३९०४ मध्ये नेमका उलटा, एमिटर, बेस, कलेक्टर. सी९४५ आणि सी१८१५ या जपानी नगांत एमिटर, कलेक्टर, बेस, म्हणजे बेस कडेला जातो. बीडी१३९ मध्येही, छापील बाजू समोर धरली तर, एमिटर, कलेक्टर, बेस.

कहर म्हणजे २२२२. त्याच्या प्लॅस्टिक अवतारात पीएन२२२२ए चा क्रम एमिटर, बेस, कलेक्टर असतो, तर पी२एन२२२२ए चा कलेक्टर, बेस, एमिटर. नावात एका आकड्याचा फरक, पायांत आरशातला फरक.

उलटा लावला तर ट्रान्झिस्टर पूर्ण मरत नाही, हीच खरी फसवणूक आहे. कलेक्टर आणि एमिटरची अदलाबदल झाली तरी तो थोडासा चालतो, पण गेन अगदी तुटपुंजा होतो. शिवाय बेस आणि एमिटरमधला जोड उलट दिशेने पाच-सहा व्होल्टच झेलतो. बारा व्होल्टच्या सर्किटमध्ये तो हळूहळू खराब होत जातो. ‘लावला पण नीट चालत नाही’ अशी तक्रार असेल तर सर्वात आधी पाय तपासावेत.

मल्टिमीटरच्या डायोड खुणेवर हे दोन मिनिटांत होते. एनपीएनमध्ये लाल काडी बेसवर ठेवली की उरलेल्या दोन्ही पायांवर साधारण ०.६ ते ०.७ व्होल्टचा आकडा दिसतो. दोन्हींतला किंचित मोठा आकडा बहुधा एमिटरचा असतो. पीएनपीमध्ये काळी काडी बेसवर ठेवायची. एवढ्यावर बेस सापडतो, जात कळते आणि नग जिवंत आहे की नाही हेही समजते.

टाकीच्या अलार्मचा हिशेब कसा झाला?

आमच्या गच्चीवरच्या डब्यात दोन ट्रान्झिस्टर होते. पाण्यातून येणारा अगदी क्षीण करंट पहिला, म्हणजे बीसी५४७, वाढवतो आणि दुसऱ्याच्या बेसला देतो. दुसरा, म्हणजे एसएल१००, बारा व्होल्टचा भोंगा वाजवतो. काकांनी भोंगा थेट अडॉप्टरला जोडून मल्टिमीटरने त्याचा करंट मोजायला लावला. २५० मिलिअँपिअर भरला.

पहिल्या बदलाचे उत्तर तेथेच मिळाले. शंभर मिलिअँपिअरची कुवत असलेल्या बीसी५४७ वर अडीचपट ओझे पडले होते. एक दिवस तरी तो टिकला याचेच नवल.

मग हव्या त्या पर्यायाची अट मांडता आली. एनपीएन, बारा व्होल्टच्या दुपटीहून जास्त झेलणारा आणि २५० मिलिअँपिअर निम्म्या क्षमतेत नेणारा. बेसच्या वाटेवर १ किलोओहमचा रेझिस्टर होता, म्हणजे बेसला सुमारे ११ मिलिअँपिअर मिळत होते. २५० भागिले ११ म्हणजे साधारण २३. एवढा गेन या वर्गातील बहुतेक नगांत सहज असतो. या अटीत बसणारे नंबर बरेच निघाले. बीसी३३७, प्लॅस्टिकचा २२२२, धातूच्या टोपीचा २एन२२१९ए, बीडी१३९. दुसऱ्या दुकानातून आलेला २२२२ त्यात होता. मग भोंगा का वाजला नाही? त्याच्यावरचे अक्षर भिंगाखाली पाहिले, तर तो पीएन२२२२ए निघाला आणि मी तो बीसी५४७ च्याच दिशेने बसवला होता.

काकांनी आणखी एक गोष्ट दाखवली. जुन्या भोंग्यात कॉइल आहे. रिले, मोटर, भोंगा अशा कॉइलवाल्या वस्तूंचा करंट अचानक तोडला की त्या उलटे, मोठे व्होल्टेज उसळवतात. ते गिळायला कॉइलला समांतर एक डायोड लागतो. साधा १एन४००७ पुरतो. कॅथोडची, म्हणजे पट्टी असलेली बाजू पुरवठ्याच्या धन टोकाला. आमच्या डब्यातला हा डायोड गंजून तुटला होता. मूळ एसएल१०० बहुधा त्यामुळेच गेला. ट्रान्झिस्टर का मेला हे न शोधता नवा लावणे म्हणजे पुढच्याची तारीख ठरवून ठेवणे.

मोठा नग लावला की काम झाले, हे खरे का?

दुकानांत हा सल्ला सर्रास मिळतो आणि तो अर्धाच खरा आहे. व्होल्टेज आणि करंटची कुवत जास्त असणे चांगले, पण मोठ्या नगाबरोबर इतर गोष्टीही बदलतात.

बारा व्होल्टची मोटर चालवायला अनेक विद्यार्थी टीआयपी१२२ लावतात. तो डार्लिंग्टन, म्हणजे एकात दोन ट्रान्झिस्टर. गेन हजाराच्या घरात, म्हणून सोयीचा. पण पूर्ण उघडल्यावरही त्याच्यावर एक ते दोन व्होल्ट अडकून राहतात. तीन अँपिअर वाहत असताना दोन व्होल्ट अडकले, तर सहा वॉट उष्णता होते. हीटसिंक नसेल तर बोट ठेवता येत नाही.

मॉसफेटमध्ये घोळ आणखी वेगळा. इन्व्हर्टरमधला आयआरएफझेड४४एन मिळाला नाही की आयआरएफ५४०एन दिला जातो, कारण तो १०० व्होल्टचा आणि पहिला ५५ व्होल्टचा. पण उघडल्यावरचा रोध पहिल्यात १७.५ मिलिओहम, दुसऱ्यात ४४. दहा अँपिअरला पहिला पावणेदोन वॉट तापतो, दुसरा ४.४ वॉट. म्हणजे अडीचपट. व्होल्टेजने मोठा असलेला नग येथे कमकुवत ठरतो. आयआरएफ३२०५ चा रोध फक्त ८ मिलिओहम, म्हणून तो चांगला वाटतो. मात्र त्याच्या गेटला उघडायला दुपटीहून जास्त विद्युतभार लागतो. गेट चालवणारे सर्किट अशक्त असेल तर तो वेळेवर उघडझाप करत नाही आणि तापतो. इन्व्हर्टरमध्ये अनेक मॉसफेट समांतर असतात. त्यातला एक गेला तर त्या बाजूचे सगळे, एकाच नंबरचे आणि शक्यतो एकाच लॉटचे बदलावेत. गेटचे रेझिस्टरही तपासावेत.

आर्डुइनोवर प्रोजेक्ट करणाऱ्यांची ठरलेली चूक म्हणजे पाच व्होल्टवर आयआरएफझेड४४एन चालवणे. तो दोन ते चार व्होल्टला जेमतेम उघडू लागतो. पूर्ण उघडण्याचा डेटाशीटमधला आकडा दहा व्होल्टसाठीचा असतो. पाच व्होल्टवर मोठा करंट घेतला की तो अर्धवट उघडा राहून तापतो. तेथे आयआरएलझेड४४एन हवा. नावात फक्त एफ च्या जागी एल.

मोबाइल चार्जर, एलईडी ड्रायव्हर आणि जुन्या सीएफएलमध्ये १३००१, १३००३, १३००५, १३००७ ही मालिका भेटते. आकडा वाढतो तशी करंटची कुवत वाढते. पण १३००३ च्या जागी १३००७ लावला तर त्याला बेसचा करंट जास्त लागतो आणि तो बंद व्हायला जास्त वेळ घेतो. छोट्या चार्जरचे सर्किट त्याला पुरे पडत नाही. शिवाय १३००३ मध्ये पायांचा क्रम कंपनीनुसार बदलतो, त्यामुळे जुन्याकडे बघून नवा लावणे धोक्याचे.

जुन्या रेडिओचे आणि अ‍ॅम्प्लिफायरचे काय?

आजोबांच्या रेडिओत एसी१२७, एसी१२८ असे नंबर असतील तर ते जर्मेनियमचे. त्यांचा बेस ०.२ ते ०.३ व्होल्टला जागा होतो, सिलिकॉनचा ०.६ ते ०.७ ला. त्यामुळे जागेवर थेट सिलिकॉन बसवला तर आवाज चिरका येतो किंवा येतच नाही. बायसचे रेझिस्टर बदलावे लागतात. त्यापेक्षा बंद पडलेल्या दुसऱ्या रेडिओतून तोच नग काढणे बरे. बीसी१४८ च्या जागी बीसी५४८ आणि बीएफ१९४, बीएफ१९५ च्या जागी बीएफ४९४, बीएफ४९५ हे रूढ बदल आहेत. मात्र बीएफ४९४ मध्ये मधला पाय एमिटरचा असतो, हे विसरू नये. त्याच्या जागी बीसी५४८ लावला तर स्थानिक केंद्र कदाचित लागेल, दूरची केंद्रे मात्र हरवतात.

गणपती-नवरात्रीच्या जुन्या अ‍ॅम्प्लिफायरमधला २एन३०५५ हा १५ अँपिअर, ६० व्होल्टचा. त्याचा संपूर्ण धातूचा देह म्हणजेच कलेक्टर. म्हणून तो आणि हीटसिंक यांच्यामध्ये अभ्रकाचा तुकडा असतो. बदलताना तो तुटला किंवा विसरला तर पुरवठा थेट शॉर्ट होतो. जोडीने काम करणाऱ्यांपैकी एक गेला तर दोन्ही बदलावेत. पहिल्यांदा सुरू करताना पुरवठ्याच्या वाटेत मालिकेत एक जुना शंभर वॉटचा बल्ब जोडावा. तो झगझगीत पेटला तर आत अजून काही शॉर्ट आहे आणि नवे ट्रान्झिस्टर वाचले, असे समजावे.

बनावट माल कसा ओळखायचा?

जे नंबर दुर्मीळ किंवा महाग, त्यांचेच नकली नग जास्त. स्वस्त ट्रान्झिस्टरवरचे अक्षर घासून त्यावर मोठा नंबर छापला जातो. धातूच्या टोपीत लहानशी चकती ठेवून २एन३०५५ म्हणून विकला जातो. अ‍ॅसिटोन लावलेल्या कापसाने पुसल्यावर छपाई निघाली, पृष्ठभाग खरखरीत निघाला, एकाच पाकिटातल्या नगांची अक्षरे वेगवेगळी दिसली किंवा गेन डेटाशीटच्या मर्यादेबाहेर आला तर संशय घ्यावा. मोठी खरेदी करण्याआधी दोन नग आणून पूर्ण ओझ्यावर तासभर चालवून पाहणे हा सर्वात खात्रीचा उपाय.

कुठे पर्याय शोधूच नये?

दिव्याच्या बटनाइतके सोपे उत्तर आहे. जेथे २३० व्होल्ट आत शिरतात, तेथे अनुभव नसेल तर हात घालू नये. २३० व्होल्टच्या पुरवठ्याचे शिखर सुमारे ३२५ व्होल्ट असते आणि चार्जर किंवा टीव्हीच्या पॉवर सप्लायमधला मोठा कपॅसिटर प्लग काढल्यावरही तेवढे व्होल्टेज धरून राहू शकतो. मायक्रोवेव्हमध्ये त्याहून कितीतरी जास्त. कारखान्यांच्या सर्किट आराखड्यात काही भागांशेजारी त्रिकोणात उद्गारचिन्ह असते. ते सुरक्षेचे भाग. तेथे कंपनीने सांगितलेलाच नग हवा. वैद्यकीय उपकरणे आणि लिथियम बॅटरीच्या चार्जिंगची सर्किटही याच यादीत.

याचा अर्थ दुरुस्ती सोडून द्यावी असा नाही. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २४ डिसेंबर २०२२ रोजी दुरुस्तीच्या हक्कासाठीचे पोर्टल सुरू केले. कंपन्यांनी सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती ग्राहकांपर्यंत पोहोचवावी हा त्यामागचा विचार. १ एप्रिल २०२३ पासून ई-कचऱ्याचे नवे नियमही लागू झाले. मात्र एका नगापायी अख्खे उपकरण भंगारात जाते, ते नियमांनी थांबत नाही. ते थांबते गल्लीतल्या दुरुस्तीवाल्याच्या टेबलावर.

थोडक्यात : कोणाच्या जागी कोण?

बीसी५४८ : बीसी५४७, बीसी५४६. पाय तेच.

बीसी५४७, छोट्या स्विचसाठी : २एन३९०४. पाय उलटे.

बीसी५५७ : पीएनपीमध्ये २एन३९०६. पाय उलटे.

एसएल१०० : छोट्या ओझ्यासाठी बीसी३३७, जास्त ओझ्यासाठी २एन२२१९ए किंवा बीडी१३९. पाय तपासून.

टीआयपी३१सी : टीआयपी४१सी. पाय तेच, कुवत जास्त.

आयआरएफझेड४४एन, पाच व्होल्टच्या गेटसाठी : आयआरएलझेड४४एन. पाय तेच.

ही यादी स्विच आणि साध्या कामांसाठी आहे. रेडिओ, माइक आणि पॉवर सप्लायमध्ये डेटाशीट पाहिल्याशिवाय वापरू नये.

गच्चीवरचा तो डबा आता पुन्हा जागेवर आहे. दहा रुपयांच्या आतल्या नव्या पीएन२२२२ए ची सपाट बाजू या वेळी उलट दिशेला फिरवली, नवा डायोड लावला आणि काकांनी एका तांब्यात दोन्ही तारा बुडवल्या. भोंगा इतका मोठ्याने वाजला की खालून वॉचमनने पंप बंद केला. डब्याच्या झाकणावर आतून एक कागद चिकटवला आहे. त्यावर भोंग्याचा करंट, ट्रान्झिस्टरचा पूर्ण नंबर आणि तिन्ही पायांचा क्रम लिहिला आहे. पुढच्या वेळी डबा उघडणारा कोणीही असला, तरी त्याला दुकानात ‘इक्विव्हॅलंट द्या’ एवढेच म्हणावे लागणार नाही.